आधी बळकटी, मग शुभ्रता

[दृश्य: समोरच्या दाताची कड, अगदी जवळून. मागून प्रकाश येतो आणि कड किंचित निळसर, आरपार दिसू लागते.]

निवेदन:

दाताच्या या कडेला पांढरा रंग नाही. इथून प्रकाश जवळजवळ आरपार जातोय. कारण या कडेला जे आहे ते केवळ इनॅमल, म्हणजे दाताचं सर्वांत बाहेरचं आवरण. त्याच्या आत असतं डेंटिन, आणि त्याचा रंग मुळातच पिवळसर असतो. दुधी काचेमागे पिवळी भिंत असावी, तसा हा प्रकार आहे. काच जाड असेल तर भिंत फिकट दिसते, काच झिजली की भिंतीचा पिवळेपणा उठून दिसतो.

दात पांढरे करण्याच्या नादात अनेकांचे दात उलट आणखी पिवळे का होतात, त्याचं उत्तर इथेच आहे. कडक ब्रश, खरखरीत पावडर, जोर लावून घासणं, या सगळ्यांतून झिजतं ते इनॅमल. आणि जितकं ते झिजतं, तितका आतला पिवळा रंग पुढे येतो. वर दात शिवशिवायला लागतात ते वेगळंच.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली इनॅमलचा छेद. एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या खनिजाच्या असंख्य कांड्या.]

इनॅमल हा माणसाच्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज, तेही मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं. पण जाडी पाहिली तर दाढेच्या उंचवट्यावर फार तर अडीच मिलिमीटर, आणि हिरडीकडे येता येता अगदी पातळ. हाड मोडलं तर जुळून येतं, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमलला ही सोय नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतो तेव्हाच नाहीशा झालेल्या असतात. म्हणून झिजून गेलेली जाडी परत येत नाही. कोणतीही टूथपेस्ट ती परत आणू शकत नाही, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

मग ‘इनॅमल बळकट करणं’ म्हणतात ते काय? त्यात तथ्य आहे, पण ते नेमकं समजून घ्यायला हवं.

तोंडातला सामू, म्हणजे आम्लतेचं माप (pH, जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळून बाहेर पडायला लागतं. आंबट किंवा गोड खाल्ल्यावर, गोड पेय घोटाघोटाने पीत राहिल्यावर हे रोज घडतं. मग लाळ कामाला लागते. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असतं. आम्ल हळूहळू निवळतं आणि निघून गेलेलं खनिज पुन्हा इनॅमलमध्ये बसू लागतं. ही ये-जा आयुष्यभर चालू असते. जाडी गेली तर गेली, पण नुसतं मऊ पडलेलं, खनिज गमावलेलं इनॅमल पुन्हा कठीण होऊ शकतं. बळकटी म्हणतात ती ही. फ्लोराइड इथेच कामी येतं. ते खनिज परत बसण्याचा वेग वाढवतं, आणि त्याच्या साथीने तयार होणारं नवं खनिज विरघळायला सामू आणखी खाली, साधारण 4.5 पर्यंत उतरावा लागतो.

[दृश्य: जुनं कृष्णधवल छायाचित्र. डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव.]

दातांचे डाग आणि दातांची बळकटी यांची गाठ इतिहासात एकदा फार विलक्षण रीतीने पडली. 1901 साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे प्रॅक्टिस करायला आला. तिथे जन्मलेल्या कितीतरी जणांच्या दातांवर तपकिरी डाग होते. हे डाग घासून जात नव्हते, कारण ते इनॅमलच्या आतच होते. मॅकेने वर्षानुवर्षं या गोष्टीचा पाठपुरावा केला. ग्रीन ब्लॅक या त्या काळच्या नावाजलेल्या दंतसंशोधकाने त्याला साथ दिली. आणि त्यांच्या ध्यानात आलं की हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत. कारण सापडायला 1931 उजाडलं. एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञाने तिथल्या पाण्यात फ्लोराइडचं प्रमाण फार जास्त असल्याचं दाखवून दिलं. पुढे ट्रेंडली डीन यांनी प्रमाणाचा शोध घेतला. पाण्यात दहा लाख भागांत एक भाग फ्लोराइड असेल तर डाग फारसे पडत नाहीत आणि दात किडण्यापासून वाचतात. दिसायला कुरूप वाटणाऱ्या दातांनी जगाला दात वाचवायला शिकवलं. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते, कारण दाताचा रंग आणि दाताचं आरोग्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही. शुभ्र दात आतून किडलेला असू शकतो. पिवळसर दात ठणठणीत असू शकतो.

[दृश्य: दवाखान्यातली खुर्ची. दंतवैद्य दातांच्या मागच्या बाजूचा थर काढत आहेत.]

डाग दोन जातींचे. पहिले वरवरचे. दात घासल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा दातावर चढतो. चहा, कॉफी, तंबाखूचा रंग त्या पापुद्र्याला धरतो. ज्याला आपण दात साफ करून घेणं म्हणतो, त्या स्केलिंगने आणि पॉलिशने हे डाग निघतात. कितीतरी लोकांना तेवढंच पुरतं, आणि ब्लीचिंगचा, म्हणजे रसायनाने दात उजळवण्याचा विषय काढण्याआधी ते करून पाहावं असं माझं ठाम मत आहे. दात साफ झाल्यावर पंधरवडाभराने आरशात पाहा, मग ठरवा.

दुसरे डाग आतले. वयानुसार गडद होत जाणारं डेंटिन, लहानपणी घेतलेलं टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक, मार लागून आतली नस मेलेला एखादाच काळपट दात. इथे घासण्याचा काही उपयोग नाही. रंगच आत आहे.

तिथवर पोचतो तो ब्लीचिंगच्या जेलमधला पेरॉक्साइडचा रेणू. तो इतका लहान असतो की इनॅमलमधून पार होऊन डेंटिनमध्ये शिरतो आणि रंग धरून ठेवणारे मोठे रेणू फोडतो. रेणू फुटले की त्यांचा रंग जातो. यात काहीही खरवडलं जात नाही. पण हाच रेणू तिथेच थांबत नाही. प्रयोगशाळेतल्या मोजमापांत तो 5 ते 15 मिनिटांत दाताच्या नसेपर्यंत पोचलेला आढळतो. नस चिडते. ब्लीचिंग चालू असताना दात न हलवता, काही न खाता अचानक एक सणक जाते, ती यामुळे. बहुतेकांच्या बाबतीत ती तात्पुरती असते आणि जेल थांबवल्यावर काही दिवसांत शमते.

[दृश्य: डेंटिनचा अतिसूक्ष्म पृष्ठभाग. गोल छिद्रांची दाटी. ॲनिमेशनमध्ये छिद्रांतला द्रव हलतो.]

शिवशिवण्याचं दुसरं कारणही याच्याशी जोडलेलं आहे. डेंटिनमध्ये नसेच्या दिशेने जाणाऱ्या हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. थंड पाणी लागलं की तो द्रव सरकतो आणि आतली मज्जातंतूंची टोकं चाळवतात. स्वीडनचे मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960 च्या दशकात मांडलेला हा सिद्धान्त आजही मानला जातो. इनॅमल शाबूत असेल, तर या नळ्यांची तोंडं झाकलेली राहतात. हिरडी खाली सरकली, दाताला चीर गेली, मुळाजवळचा भाग घासून खोलगट झाला, की ती उघडी पडतात. अशा तोंडात पेरॉक्साइड भरलं तर दुखणारच.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कीड, चिरा, गळती लागलेलं जुनं सिमेंट आणि हिरड्या तपासून घ्यायच्या. दात आधीच शिवशिवत असतील तर निदान दोन आठवडे पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट वापरायची. हे क्षार नसेची संवेदना बोथट करतात, पण एका दिवसात नाही. ब्लीचिंग चालू असताना पोटॅशियम नायट्रेटचं जेल दातांवर बसणाऱ्या ट्रेमध्ये भरून 10 ते 30 मिनिटं ठेवलं तर बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो.

आणि ब्लीचिंग कोणतं? इथे मी उघडपणे सावकाश पद्धतीच्या बाजूने आहे.

[दृश्य: दाताच्या मापाचा पारदर्शक ट्रे. त्यात प्रत्येक दातापाशी जेलचा छोटा थेंब.]

1989 साली हेवूड आणि हायमन या अमेरिकन दंतवैद्यांनी घरी रात्री ट्रे लावून दात उजळवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जेल होतं 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं. मुळात ते हिरड्यांसाठीचं जंतुनाशक. हिरड्या बऱ्या करताना दात उजळतात हे त्याआधी काही दंतवैद्यांच्या लक्षात आलं होतं. 10 टक्के कार्बामाइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, तेही तासन्तास, हळूहळू. दवाखान्यात एका बैठकीत वापरलं जाणारं जेल यापेक्षा कितीतरी तीव्र, बहुधा 25 ते 40 टक्क्यांचं असतं. तासाभरात डोळे दिपतील असा फरक दिसतो. पण त्यातला काही भाग दात कोरडा पडल्याचा असतो. लाळेत भिजल्यावर पुढच्या काही दिवसांत रंग थोडा खाली येतो. जेलवर निळा दिवा लावल्याने अंतिम रंगात फारसा फरक पडत नाही. युरोपीय संघात 2011 च्या निर्देशानुसार 6 टक्क्यांहून जास्त हायड्रोजन पेरॉक्साइडच्या उत्पादनांना बंदी आहे आणि 0.1 ते 6 टक्क्यांची उत्पादनं फक्त दंतवैद्यामार्फत, तीही 18 वर्षांवरच्यांना मिळतात. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो.

घाई नसेल तर शेवटी पोचायचं ठिकाण जवळपास तेच असतं. साध्या पिवळेपणाला काही आठवडे, टेट्रासायक्लिनच्या डागांना काही महिने. शिवशिव सुरू झाली तर एक रात्र सोडून लावायचं, किंवा दोन दिवस पूर्ण थांबायचं. जेल ट्रेबाहेर ओघळलं तर हिरडी पांढुरकी पडते आणि चुरचुरते, म्हणून थेंबभरच पुरे. आणि थांबलेल्या दिवसांत खनिज भरून काढणारं काहीतरी. 1000 ते 1500 पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) फ्लोराइडची पेस्ट, घासून झाल्यावर फक्त थुंकायची, लगेच खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. फ्लोराइड नको असलेल्यांसाठी नॅनो हायड्रॉक्सिॲपटाइट हा पर्याय आहे. इनॅमलच्याच खनिजाचे हे अतिसूक्ष्म कण जपानमध्ये कित्येक वर्षांपासून पेस्टमध्ये वापरले जातात, आणि उघड्या नळ्यांची तोंडंही ते बुजवतात. दुधातल्या केसीन प्रथिनापासून बनवलेलं कॅल्शियम-फॉस्फेटचं क्रीमही मिळतं. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र त्याला हात लावू नये.

[दृश्य: लिंबाची फोड, कोळशाची पावडर, खाण्याचा सोडा. एकेक करून बाजूला सरकवले जातात. सोडा शेवटपर्यंत राहतो.]

लिंबाच्या रसाचा सामू 2 ते 2.5 च्या आसपास असतो. तो दातावर चोळणं म्हणजे इनॅमल विरघळवणं. आंबट खाऊन दात आंबतात तेव्हा लगेच ब्रशही करू नका, पाऊण-एक तास लाळेला तिचं काम करू द्या. कोळशाने दात आतून उजळतात याला भरवशाचा पुरावा नाही, आणि खरखरीत कोळसा दात झिजवतो. खाण्याचा सोडा त्या मानाने मऊ आहे. वरवरचे डाग त्याने जातात, आतले नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी ब्लीचिंग पुढे ढकलावं. एकच दात काळवंडला असेल तर आधी एक्स-रे काढून घ्यावा, कारण तिथे रूट कॅनलची गरज असू शकते.

एक गोष्ट फार जणांना उशिरा कळते. समोरच्या दातात भरलेलं सिमेंट किंवा बसवलेली कॅप पेरॉक्साइडने उजळत नाही. आजूबाजूचे दात उजळतात आणि ती जुन्या रंगाचीच राहते. ती बदलायची असेल तर ब्लीचिंग संपल्यावर निदान दोन आठवडे थांबावं. तोवर दाताचा रंग स्थिरावतो, शिवाय दातात उरलेला ऑक्सिजन निघून गेल्यामुळे नवं सिमेंट पक्कं चिकटतं.