सीनियर टू, सीनियर दॅन आणि माझी झालेली फजिती

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढच्या खुर्च्या सीनियर लोकांसाठी राखून ठेवलेल्या नाहीयेत. (हशा) पत्रिकेत विषय छापलाय तो असा की रोजच्या इंग्रजी वाक्यांत सिनियॉरिटी हा शब्द कसा वापरतात. ते सगळं सांगणार आहे. पण आधी माझी फजिती, कारण ती सांगितल्याशिवाय मला सुरूच करता येत नाही, आणि ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी कृपया शेवट फोडू नका.

ऑफिसात व्हिडिओ कॉल होता, पलीकडे परदेशातला नवा क्लायंट. माझ्या शेजारी आमची टीम लीड बसलेली, ती माझ्याआधी चार वर्षं कंपनीत लागलेली पण वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, हे लक्षात ठेवा. ओळख करून द्यायची म्हणून मी अगदी मानानं म्हटलं, 'शी इज माय सीनियर.' आपल्या डोक्यात वाक्य सरळ आहे, ही माझी सीनियर, विषय संपला. तो गृहस्थ जरा थांबला, स्क्रीनकडे वाकून बघितलं आणि अत्यंत सभ्यपणे तिला म्हणाला, 'रियली? यू डोन्ट लुक इट.' मला वाटलं याला तिच्या हुद्द्याबद्दल शंका आहे! आता बाजू सावरायला नको का, म्हणून मी आणखी जोरात, 'येस येस, फोर इयर्स!' झालं. 'फोर इयर्स माय सीनियर' म्हणजे इंग्रजीत वयाने चार वर्षं मोठी. म्हणजे मी भर मीटिंगमध्ये एका बाईचं वय वाढवलं, तेही एकदम सहा वर्षांनी, आणि वर छाती काढून बसलो. कॉल संपल्यावर ती माझ्याशी तीन दिवस फक्त ईमेलवर बोलत होती, शेजारच्या खुर्चीवरून.

तर मूळ घोळ असा की या शब्दाच्या पोटात दोन गोष्टी आहेत, वय आणि रांगेतली जागा. मूळ लॅटिन, सेनेक्स म्हणजे म्हातारा, आणि सीनियर म्हणजे त्याहून म्हातारा. त्याच घराण्यातला सेनेट, म्हणजे म्हाताऱ्यांची सभा, त्यातलाच सिनाइल, म्हणजे म्हातारपणानं बुद्धी चळलेला, आणि तुम्ही दिवसभर ज्याला 'सर, सर' करता तो सर पण फिरून फिरून तिथूनच आलाय. (हशा) हो, खरंच. उद्या म्हणताना बघा जड जातं का.

आता, 'त्याहून' म्हातारा म्हटलं ना मी, ते महत्त्वाचं आहे. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे सगळे लॅटिनमधून येतानाच तुलना सोबत घेऊन आलेत, म्हणून त्यांच्या मागे 'दॅन' येत नाही, 'टू' येतो. सीनियर टू मी. आपण 'माझ्यापेक्षा सीनियर' असा विचार करतो, पेक्षा म्हणजे दॅन हे शाळेत ठोकून बसवलेलं, म्हणून 'सीनियर दॅन मी' बाहेर पडतं. माझ्या पहिल्या नोकरीत एका साहेबांनी माझ्या अर्जातल्या त्या 'दॅन'ला लाल पेनानं असा गोल केला होता की कागद फाटला, आणि त्याच अर्जावर स्वतः शेरा मारला, 'फॉरवर्ड टू सीनियरमोस्ट ऑफिसर'. अहो साहेब, सीनियरमोस्ट हा आपल्या इकडच्या इंग्रजीतला शब्द, बाकी जग 'मोस्ट सीनियर' म्हणतं! तेव्हा बोललो नाही, आज माइक हातात आहे. अर्थात आपण हसायचं कारण नाही, संस्कृतात ज्येष्ठ हाच मुळात 'सगळ्यांत मोठा', तरी आपण ज्येष्ठतम म्हणतोच की.

आणि वय नि रांग कशी फारकत घेतात हे बघायचं तर अमेरिकेची सेनेट बघा, म्हणजे त्यांच्या संसदेचं वरचं सभागृह. तिथे प्रत्येक राज्याचे दोन सेनेटर, जो आधी आला तो सीनियर सेनेटर, दुसरा ज्युनियर. साउथ कॅरोलिनाचे अर्नेस्ट हॉलिंग्ज 1966 साली निवडून आले, पण त्यांच्या राज्यातून स्ट्रॉम थर्मंड आधीच बसलेले, आणि थर्मंड काही उठेनात. वयाची शंभरी गाठून ते 2003 मध्ये बाहेर पडले. तोवर हॉलिंग्ज ज्युनियर. 36 वर्षं! ऐंशी ओलांडली तरी कागदोपत्री ज्युनियर. बरं, सगळ्या सेनेटची मिळूनही अशीच एक रांग असते, तिथे वेगवेगळ्या राज्यांच्या दोघांनी एकाच दिवशी शपथ घेतली तर? मग आधी कोण सेनेटर होता, कोण खालच्या सभागृहात होता, कोण गव्हर्नर होता असं बघत जातात आणि तरीही बरोबरी झाली तर ज्याच्या राज्याची लोकसंख्या जास्त तो सीनियर. म्हणजे तुम्ही सीनियर का, तर तुमच्याकडे माणसं जास्त राहतात म्हणून. यात ना वय, ना अक्कल, ना काम. सिनियॉरिटी म्हणजे निव्वळ कोण कोणाच्या पुढे, एवढंच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अजून मूळ विषयाला हातच लावला नाही म्हणता? बरोबर आहे तुमचं.

पटापट. एक, सिनियॉरिटी मोजता येत नाही, 'टेन सिनियॉरिटीज' नाही, 'टेन इयर्स ऑफ सिनियॉरिटी'. क्रम सांगायचा असेल तर 'इन ऑर्डर ऑफ सिनियॉरिटी', अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश आपसांत बसतात तेव्हा याच क्रमाने बोलतात, चीफ जस्टिस मात्र कालच आलेले असले तरी पहिले. निकष सांगायचा तर 'बाय सिनियॉरिटी', प्रमोशन्स आर बाय सिनियॉरिटी. कोणावर ते सांगायचं तर 'ओव्हर', शी हॅज सिनियॉरिटी ओव्हर मी. आणि ती हरवते पण, तिथला पायलट एक एअरलाइन सोडून दुसरीत गेला की कितीही तास उडवलेले असोत, रांगेत शेवटी, 'ही लॉस्ट हिज सिनियॉरिटी'. 'लेव्हल ऑफ सिनियॉरिटी' म्हटलं की मात्र वर्षं गेली, तिथे हुद्दा. नोकरीच्या जाहिरातीत हे बघा, तिथे तुमची वर्षं कोणी विचारत नाही, म्हणजे विचारतात पण... जाऊ दे, वेळ नाही.

आणि शेवटची गंमत, जी त्या लाल पेनवाल्या साहेबांना सांगायची राहून गेली. नुसत्या सीनियरला दॅन चालत नाही, पण सिनियॉरिटीला चालतो. 'शी हॅज मोअर सिनियॉरिटी दॅन आय डू', शंभर टक्के बरोबर, कारण इथे तुलना 'मोअर' करतोय. तो दॅन मागच्या दारानं आलाच आत! हे मला कळलं तेव्हा मी धावत आमच्या टीम लीडकडे गेलो आणि म्हटलं, सापडलं, त्या दिवशी मी हे म्हणायला हवं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, पुढच्या वेळी फक्त माझं नाव सांग.