आधी झाड बघा

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी उलटत आला आणि दोन-चार दमदार सरी पडून गेल्या की सिडनीतली काही मंडळी शनिवारी पहाटेच टोपली आणि चाकू घेऊन ब्लू माउंटन्सच्या पलीकडे निघतात. गाडीने अडीच-तीन तासांवर, साधारण ११०० मीटर उंचीवर, ओबेरॉन नावाचं लहानसं गाव आहे. त्याच्या आसपास दूरवर पाइनची सरकारी वनं पसरलेली आहेत. साधारण मे महिन्यापर्यंत तिथे अळंबी मिळते. पूर्वी तिथे जायची ती मुख्यतः पोलंड-इटलीहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबं. अलीकडे झाडांमधून अधूनमधून मराठीही ऐकू येतं, आणि म्हणूनच आज हा विषय घेतलाय.

आपल्याकडच्या, विशेषतः कोकण-गोव्याकडच्या माणसाला वाटतं, अळंबीचं आपल्याला काय नवल? पावसाळ्यात वारुळावर पांढऱ्या छत्र्या उगवतात, घरातल्या जाणत्यांना जागा ठाऊक असते आणि ती जागा ते शेजाऱ्यालाही सांगत नाहीत. हे ज्ञान खरंच आहे. पण ते वारुळाचं ज्ञान आहे. ती अळंबी वाळवीच्या आश्रयाने वाढते. वाळवी जमिनीखाली तिची चक्क शेती करते. ओबेरॉनच्या रानात तो हिशोब लागू पडत नाही. इथली अळंबी झाडाच्या आश्रयाने असते, म्हणून खाली बघण्याआधी मान वर करून झाड बघायचं.

पाइनच्या बारीक मुळांभोवती बुरशीचे धागे गुंडाळलेले असतात. हे धागे मातीतून पाणी आणि स्फुरद ओढून झाडाला देतात, झाड त्याच्या बदल्यात साखर देतं. ही देवघेव किती जरुरीची आहे ते वनखात्यांना ठेच लागल्यावर कळलं. केनियात, प्वेर्तो रिकोत पाइनची रोपं लावली, ती पिवळी पडून खुरटली. मग जुन्या पाइनखालची माती आणून मिसळली आणि रोपं तरारली. मातीतून आली होती ती बुरशी. ऑस्ट्रेलियातला पाइन मूळचा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा, त्याच्याखाली उगवणारी अळंबी युरोपातली. दोघांची गाठ पडली ती इथे, परक्या मुलखात. शेजारच्या निलगिरीच्या रानात ती शोधत फिरलात तर टोपली रिकामीच राहील.

तिचं इथलं नाव सॅफ्रन मिल्क कॅप. टोपी गाजरासारखी केशरी, वर्तुळावर वर्तुळ काढल्यासारखी, मध्ये जरा खोलगट. खालच्या पात्याही केशरी. देठ आखूड, बहुधा पोकळ, आणि त्याच्यावर लहान लहान खळगे. कापलं की केशरी चीक येतो, आणि हाताळलेली जागा थोड्या वेळाने हिरवी पडते. नवख्यांना ती सडलीय असं वाटतं आणि ते टाकून देतात, पण तो हिरवा डाग ही तिची ओळखच आहे. या सगळ्या खुणा एकत्र जुळायला हव्यात. नुसत्या रंगावर जाऊ नका.

त्याच झाडांखाली स्लिपरी जॅक नावाची तपकिरी, बुळबुळीत टोपीची अळंबी असते. तिला पात्या नसतात, खाली पिवळा स्पंज असतो. वरची साल सोलून टाकावी लागते, नाहीतर पोट बिघडतं. खरं सांगू? एवढी खटपट करावी इतकी ती चवदार नाही. वाळवून सारात घातली तर बरी लागते. आणि लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली, चित्रातल्यासारखी देखणी, ती विषारी. फोटो काढा आणि पुढे चला.

आता पांढरी आणि फिकट हिरवट अळंबी. डेथ कॅप. कॅनबेरात ती मुख्यतः ओक झाडांखाली उगवते, आणि तिचा मार्गही तोच: युरोपातून ओक आले, मुळांबरोबर ही आली. २०११ च्या ३१ डिसेंबरला तिथे नववर्षाच्या स्वागताच्या जेवणातून ती पोटात गेली आणि दोघं दगावली. आशियातल्या, भाताच्या काडावर वाढणाऱ्या अळंबीशी तिचं साम्य आहे आणि त्यातूनच घात झाला असं मानतात. शिजवून तिचं विष जात नाही. खाल्ल्यावर सहा तासांनी, कधी अख्खा दिवस गेल्यावर उलट्या-जुलाब सुरू होतात, मग माणसाला बरं वाटू लागतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळातच यकृत निकामी होत असतं. म्हणून आपल्या लोकांसाठी माझा नियम कडक आहे: पांढऱ्या अळंबीला हात लावायचा नाही, गावाकडे कितीही ओळखीची असली तरी. पाइनखाली सापडली तरीही नाही. शंका आली तर त्रास होण्याची वाट न बघता विषबाधा केंद्राला १३ ११ २६ वर फोन करा आणि उरलेली अळंबी जपून ठेवा.

पहिल्यांदा जाल तेव्हा जाणत्या माणसाबरोबर जा. राष्ट्रीय उद्यानात अळंबी काढायला मनाई आहे. काही सरकारी वनांत परवाना असलेले शिकारीही फिरतात, तेव्हा कपडे भडक घाला. हिरवा-खाकी पोशाख घरी ठेवा.

घरी आल्यावर पाइनची सुईसारखी पानं आणि माती ब्रशने झटका, जाड काप करा. मसाल्याचा मोह आवरा. तापल्या तव्यावर तूप, ठेचलेला लसूण, मिरी, मीठ, आणि काप कडेने कुरकुरीत होईपर्यंत परता. पहिल्या खेपेला थोडीच खा. दुसऱ्या दिवशी लघवी केशरी दिसली तर दचकू नका. बीट खाल्ल्यावर होतं तसाच तो रंग आहे, उतरून जातो.

नमस्कार.