फोन कोणी घेतला होता?

श्रोतेहो, नमस्कार.

केळीचा घड एकदा कापला की तो कुणासाठी थांबत नाही. रावेर, यावल, चोपड्याच्या बागायतदारांना हे सांगायला नको.

मी काही वर्षं केळीच्या एका पेढीवर कामाला होतो. फोन घेणारे आम्ही चौघं, आणि मोबाइल चौघांचे चार. मे महिन्यात एकदा सावद्याकडच्या एका नानांच्या बागेत टोळीने घड कापून बांधावर लावले आणि गाडीचा पत्ता नाही. नानांनी सकाळपासून तिघांना फोन केले. तिघंही ‘बघतो’ म्हणाले. दुपारी माझा फोन वाजला. "सकायपासून सांगू राह्यलो भो, अजून कितीदा सांगू?" मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाडी दुसऱ्या दिवशी पोचली, मालाचा भाव पडला. नानांचा तो आवाज अजून कानात आहे.

आता ऑफिससाठी फोनचं सॉफ्टवेअर मिळतं. नंबर एकच, वाजतो मात्र सगळ्यांकडे. कुणाचा फोन, किती वाजता, किती मिनिटं, कोणी उचलला, हे सगळ्यांना एकाच यादीत दिसतं. बोलणं झालं की खाली एक ओळ लिहायची : ‘गाडी चार वाजता देतो म्हटलं.’ पुढचा माणूस ती वाचूनच फोन उचलतो, नानांना पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

मिस्ड कॉलचं तर विशेषच. बागेतला माणूस एक रिंग देतो आणि पेढी उलट फोन करेल म्हणून वाट बघतो. तो कॉल एकाच्याच मोबाइलवर आला आणि तो जेवायला गेलेला असला, तर बागेतला माणूस वाटच बघत राहतो. सामायिक यादीत तो कॉल चौघांना दिसतो, उलट फोन कोणी केला तेही दिसतं. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा ही सोय घ्यावी.

पण रेकॉर्डिंग सगळ्यांना उघडं ठेवू नका. शेतकरी फोनवर गाडीबरोबर कर्जाचं, घरातल्या आजारपणाचंही बोलून जातो. ते चौघांनी का ऐकावं? कोणाला काय दिसेल हे सेटिंगमध्ये ठरवता येतं, ते पहिल्याच दिवशी ठरवा. रेकॉर्डिंग होणार असेल तर समोरच्याला आधी सांगा. माहिती कशासाठी घेतो ते सांगून संमती घ्यावी, हे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आहे.

आणि कामावरच्या पोरांच्या स्वतःच्या मोबाइलमधली कॉलची यादी मागू नका. तिच्यात घरचे, डॉक्टरचे फोन असतात. ती यादी वाचणाऱ्या अ‍ॅपवर गूगलनेही 2018 साली प्ले स्टोअरचे नियम कडक केले. पेढीचा नंबर वेगळा घ्या, खर्च फार नाही.

तेही जमत नसेल, तर मेजाला दोरीने एक वही बांधा. वेळ, नाव, गाव, काय सांगितलं, आणि फोन घेणाऱ्याची सही. त्या प्रकारानंतर दुसऱ्याच दिवशी आम्ही तशी वही बांधली. पहिली नोंद मी केली, नानांची.