कुंडीतला चहा, थेट बियांपासून

हे बघा, हे चहाचं बी. गोटीएवढं, तपकिरी, पटकन बघितलं तर लहानशी सुपारीच वाटेल. कुन्नूरला गेलो होतो तिथून आणलं, पण मळ्यातल्या ओळींतून नाही हां, तिथे झुडपं छाटून छाटून कमरेएवढीच ठेवतात, त्यांना फळं धरायला फुरसतच मिळत नाही. रस्त्याकडेला एक झाड होतं, कुणी न छाटलेलं, चांगलं डोक्यावर गेलेलं, त्याच्याखाली ही पडली होती.

चहा लावलाय म्हटलं की सगळे विचारतात, गवती चहा का? नाही हो, पावडर होते तोच, कॅमेलिया सायनेन्सिस.

या बियांची भानगड एकच, वाळली की संपली. हरभऱ्यासारखी डब्यात भरून ठेवून पुढच्या वर्षी पेरू असं चालत नाही. आधी एकदा ऑनलाइन मागवल्या होत्या, 10 च्या 10 वाया, हलवल्या की आत खुळखुळ वाजायचं, तेव्हाच कळायला हवं होतं. म्हणून या वेळी ओल्या वाळूत गुंडाळून आणल्या. घरी आल्यावर एक दिवस पाण्यात, ज्या बुडाल्या त्या ठेवल्या, तरंगल्या त्या फेकल्या. 20 मधल्या 13 बुडाल्या. मग परत ओली वाळू, कवचाला चीर पडेपर्यंत, आणि मग कुंडीत, इंचभर खोल, डोळा आडवा ठेवून.

पुढे दोन महिने काहीच नाही. आधी मूळ खाली जातं, वर माती तशीच ओकीबोकी दिसते, आईने तर त्या कुंडीत मेथी टाकायची तयारी केली होती.

मातीचं सांगतो. चहाला आंबट माती लागते, पीएच साडेचार ते साडेपाच, आणि आपली काळी माती बरोबर उलटी. म्हणून कोकणातली तांबडी माती, त्यात कुजलेला पालापाचोळा. तरी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या, कारण पाणी सोसायटीच्या बोअरचं, क्षारांनी भरलेलं. आता पावसाचं पाणी पिंपात साठवतो आणि दुपारचं ऊन लागू देत नाही.

दार्जिलिंगला 1841 मध्ये तिथले ब्रिटिश अधिकारी डॉ. कॅम्पबेलनी चहा लावला तो बियांपासूनच. आता मळेवाले जास्त करून कलमंच लावतात, कारण बियांचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. त्या 13 बियांतून हाती लागलेल्या माझ्या 6 रोपांत पण एकाची पानं बोटाएवढी, शेजारच्याची दुप्पट.

आज ती वीतभर झालीत, तोडणीला अजून दोन वर्षं तरी जातील. पण राहवेना, एक कोवळं पान तोडून चुरगळलं. चहाचा वासच नाही! पान कोमेजून, चुरडून, हवा लागून तांबूस झाल्याशिवाय तो येतच नाही. उरलेला तुकडा आईने चावून बघितला आणि थुंकला, म्हणाली, हा कसला चहा, हा तर पेरूचा पाला.