दाईचा लोटा

(दृश्य : कौलारू घर. ओट्यावर पाण्यानं भरलेला पितळी लोटा.)

माझ्या आईला आम्ही दाई म्हणायचो. छत्तीसगढीत आई म्हणजे दाई. लग्न होऊन मी नागपूरला आले तेव्हा सासूबाई गोंधळल्या, कारण त्यांच्या लेखी दाई म्हणजे बाळंतपण करणारी. पुढे त्या माझ्या माहेरी, छत्तीसगढमधल्या धमतरीला चार दिवस राहून आल्या, आणि मग त्यांच्याही तोंडी दाईच बसलं.

हा तिचा लोटा. आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी भरलेला लोटा त्याच्यापुढे ठेवतात. त्यानं हातपाय धुवावेत, टेकावं, मग विचारपूस. ही रीत सगळ्या छत्तीसगढची. दाईचं वेगळेपण एवढंच, की तिचा पाहुणा बहुतेक वेळा अनोळखी असायचा.

(दृश्य : हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता.)

धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मिशननं १९१० साली सुरू केलं. आमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर. कांकेरकडून, बस्तरकडून लोक पेशंट घेऊन यायचे. पेशंटला खाट मिळायची, पण सोबतच्यांनी जायचं कुठे? कोणीतरी आमचं घर दाखवायचं. मी शाळेतून यावं तर ओट्यावर तीन माणसं झोपलेली, आणि दाई चुलीवर दुसऱ्यांदा भात चढवत असायची. "आवव, बइठव," एवढंच ती म्हणे. जात विचारलेली मी कधी ऐकली नाही, धर्मही नाही. पेशंट कसा आहे, हे मात्र रोज विचारायची.

(दृश्य : जुना, पिवळा पडलेला फोटो.)

दाईची आई छप्पन्याच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या दुष्काळातली पोर. धमतरी तेव्हा मध्य प्रांतात होती, आणि राजधानी नागपूर. त्याआधीच्या, १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी हिंदुस्थानात धान्य पाठवलं होतं. १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी धमतरीला आले. समोर दुष्काळ पुन्हा उभाच. त्यांनी अनाथ मुलं सांभाळली, त्यांतली एक माझी आजी. पेज पिऊन जगलेली ती मुलगी पुढे म्हातारी झाली तरी ताटात भाताचं शीत राहू देत नसे. दाई तिच्या हाताखाली स्वयंपाक शिकली.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या वेळी पाय धुण्याचा विधी व्हायचा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांचे पाय धुतो, त्याची आठवण. बायका बायकांचे पाय धुवायच्या. दाई खाली वाकून भेगाळलेल्या टाचा अशा हलक्या हातानं पुसायची, की मला लहानपणी वाटे, आपलेही पाय असेच भेगाळलेले हवेत.

रात्री कंदिलाच्या उजेडात ती डर्क विलेम्सची गोष्ट सांगायची. १५६९ सालचा हॉलंड. मोठेपणी बाप्तिस्मा घेणं हा तिथे गुन्हा होता, आणि डर्कनं तो घेतलेला. कैदेतून निसटून तो गोठलेल्या पाण्यावरून पळत होता. मागे धावणाऱ्याच्या पायाखालचा बर्फ फुटला. डर्क परत फिरला आणि त्याला बाहेर काढलं.

"मग त्या माणसानं डर्कला सोडलं ना?" माझा भाऊ दर वेळी विचारायचा.

"नाही रे. पकडला त्याला. जाळला." इथे ती थांबायची. कंदील बारीक करायची. त्यापुढे तिनं कधी काही जोडलं नाही.

(दृश्य : नागपूर. फ्लॅटचं दार, बाजूला तोच लोटा.)

दाई गेल्यावर भावानं विचारलं, काय नेतेस? मी लोटा आणला. माझ्या फ्लॅटला ओटा नाही. पाय धुवायला इथे कोण थांबतंय? तरी रोज भरून दाराशी ठेवते. मे महिन्यात कुरिअरचा पोरगा दुपारी दोनला आला, घामानं निथळत. आधी "घाई आहे, मावशी" म्हणाला. मग लोटा उचलला, वरून घटाघटा प्यायला, उरलेलं पाणी तोंडावर मारलं.

"इतकं गार पाणी?"

"माठातलं आहे," मी म्हटलं. "बस जरा."