बोर्ड तापतोय? आधी वॅटचा हिशोब मांडा

(तंत्रज्ञांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रांनो, सर्किट बोर्ड जास्त तापतोय म्हटलं की आपला पहिला हात हीटसिंककडे (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे) जातो आणि दुसरा पंख्याकडे. माझं सांगणं एवढंच आहे की उष्णता म्हणजे वाया जाणारे वॅट. ते कुठे जाताहेत हे न पाहता हीटसिंक लावला, तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

एक साधा बक कन्व्हर्टर घेऊ, म्हणजे स्विच झपाट्याने चालू-बंद करून डीसी व्होल्टेज कमी करणारं सर्किट. आत २४ व्होल्ट, बाहेर ५ व्होल्ट, लोड ४ अँपिअर. म्हणजे लोडला २० वॅट मिळतात. कार्यक्षमता ८८ टक्के असेल तर सुमारे २.७ वॅट बोर्डावरच जिरतात. ड्यूटी सायकल, म्हणजे स्विच चालू असण्याचा वेळ, साधारण २१ टक्के, म्हणून उरलेला ७९ टक्के वेळ करंट डायोडमधून वाहतो. शॉटकी डायोडवर (कमी व्होल्टेज खाणारा डायोड) अर्धा व्होल्ट पडतो असं धरा: ०.५ गुणिले ४ गुणिले ०.७९, जवळजवळ १.६ वॅट. निम्म्याहून जास्त उष्णता एकट्या डायोडची! हा हिशोब कागदावर दोन मिनिटांत होतो. तो आधी करा.

हिशोबापेक्षा बोर्ड जास्त तापत असेल, तर लोड बदलून बघा. करंट दुप्पट केल्यावर तांब्यातला आणि मॉस्फेटच्या (स्विचचं काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) रेझिस्टन्समधला तोटा चौपट होतो, डायोडमधला साधारण दुप्पट. लोड काढूनही बोर्ड गरमच राहिला, तर संशय स्विचिंगवर (मॉस्फेट चालू-बंद होतानाच्या तोट्यावर) आणि इंडक्टरच्या कोअरवर (कॉइलच्या आतल्या चुंबकीय गाभ्यावर) घ्या. मात्र स्विचिंग चालवणाऱ्या बऱ्याच आयसी कमी लोडवर मधले पल्स गाळतात, तेव्हा ही चाचणी फसवते. इनपुट व्होल्टेज वाढवल्यावर ताप वाढला, तरी बोट स्विचिंगकडेच जातं.

आता सगळ्यात चकवणारी गोष्ट. मॉस्फेट चटका देतोय, तो बदलला, नवाही तसाच तापतो. अशा वेळी इंडक्टरच्या एका पायात तारेचं छोटं वेटोळं घाला आणि त्यावर करंट प्रोब अडकवून ऑसिलोस्कोपवर बघा. करंटची चढण सरळ रेषेत हवी. ती शेवटी एकदम वर वळत असेल, तर कोअर सॅच्युरेट होतोय, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपतेय: इंडक्टन्स कोसळतो, करंटचं टोक उंचावतं आणि त्या उंच करंटवर मॉस्फेटला बंद व्हावं लागतं. दोष इंडक्टरचा, भाजतो मॉस्फेट. हे मोजमाप बोर्ड तापल्यावरच घ्या. पॉवर फेराइटची (कोअर ज्याचा बनतो त्या पदार्थाची) सॅच्युरेशनची मर्यादा २५ अंशांवरून १०० अंशांवर जाताना साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, म्हणून चालू केल्या केल्या निर्दोष दिसणारा बोर्ड अर्ध्या तासाने बिघडतो. त्यातच मॉस्फेटचा रेझिस्टन्स तापल्यावर दीडपटीच्या आसपास जातो. डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा आकडा २५ अंशांचा असतो.

थर्मल कॅमेरा वापरताना चकचकीत धातूवर विश्वास ठेवू नका. तो स्वतःची उष्णता कमी दाखवतो आणि आसपासची परावर्तित करतो. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, क्षणभर थांबा, मग वाचा. खोलीचं तापमानही शेजारी लिहून ठेवा. नागपुरातला मे आणि एसी लॅब यांत सहज वीस अंशांचा फरक पडतो.

दुरुस्ती झाली की गरम भागांना चिकटून असलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासा. दहा अंश वाढले की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) वाढलेला दिसला तर ते बदलूनच बोर्ड परत द्या.