आधी ऊन, मग भार

(दृश्य: सोलापूर, चिंचोळी एमआयडीसी. पत्र्याच्या शेडखालची लोखंडी कैची, म्हणजे छपराचं वजन पेलणारी चौकट.)

मे महिन्यातली दुपार. कैचीला हात लावला तर चटका बसतो. या कैचीवर किती भार येतो, हे मोजायचंय केसाएवढ्या काचेच्या तारेनं.

ही साधी ऑप्टिकल फायबर, काच १२५ मायक्रॉन जाडीची. तिच्या गाभ्यात १० मिलिमीटरच्या तुकड्यात अल्ट्राव्हायोलेट लेझरनं रेघा उमटवलेल्या, दोन रेघांत जेमतेम अर्धा मायक्रॉन अंतर. हीच ब्रॅग ग्रेटिंग. आलेल्या प्रकाशातली एकच तरंगलांबी ती परत पाठवते. १५५० नॅनोमीटर धरू. तार ताणली की रेघा पांगतात आणि ही तरंगलांबी वाढते. मीटरमागे एक मायक्रॉन वाढ, म्हणजे एक मायक्रोस्ट्रेन; त्याला १.२ पिकोमीटर (हजार पिकोमीटर म्हणजे एक नॅनोमीटर).

उन्हानंही ती अशीच सरकते, आणि खरी अडचण इथेच आहे. लोखंडावर चिकटवलेली ग्रेटिंग अंशामागे सुमारे २४ पिकोमीटर हलते. पहाटेपासून दुपारपर्यंत लोखंड ३० अंशांनी तापलं, तर ही तरंगलांबी वाचणारं यंत्र ६०० मायक्रोस्ट्रेन दाखवेल. हिशेबानं १२० मेगापास्कल ताण! साधं बांधकामाचं पोलाद २५० ला हात टेकतं. आणि कैचीवर नवा भार कणभरही आलेला नसतो.

म्हणून जोडीला दुसरी ग्रेटिंग हवीच. ती त्याच पोलादाच्या छोट्या पट्टीवर चिकटवायची आणि पट्टी कैचीला एकाच टोकाला स्क्रूनं धरायची. पट्टी तापते, वाढते, पण भार घेत नाही. वजाबाकी केली की भाराचा ताण उरतो. पट्टी मात्र सेन्सरशेजारीच हवी. ती सावलीत गेली आणि ५ अंशांचा फरक पडला, तर १०० मायक्रोस्ट्रेनची चूक.

(दृश्य: ग्राइंडर, पॉलिश पेपर, ॲसिटोनचा बोळा.)

रंग पूर्ण काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, ॲसिटोननं पुसायचं. नंतर तिथे बोट लावायचं नाही. तार किंचित ताणून धरायची आणि ग्रेटिंगच्या दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर जास्त, असा इपॉक्सीचा पातळ थर द्यायचा. तारेवरचं प्लास्टिकचं आवरण पॉलिइमाइडचं घ्या. ॲक्रिलेटचं उन्हात मऊ पडतं, आतली काच घसरते आणि आकडा हळूहळू उतरत जातो. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला तर ग्रेटिंग सारखी ताणली जात नाही; स्क्रीनवर परतलेल्या प्रकाशाच्या एका शिखराची दोन होतात. असा सेन्सर खरवडून नवा लावावा. तार तुटते ती इपॉक्सीतून बाहेर पडते तिथेच. तिथे सिलिकॉनचा मऊ थेंब हवा.

एका तारेवर सेन्सर किती? प्रत्येकाला तरंगलांबीची स्वतःची जागा हवी, नाहीतर ते एकमेकांत मिसळतात. भारासाठी ताण आणि दाब दोन्हीकडे हजार मायक्रोस्ट्रेन, म्हणजे २.४ नॅनोमीटर. वर्षभरातल्या ५० अंशांसाठी १.२. थोडी मोकळीक धरून प्रत्येकाला ५ नॅनोमीटर द्या. १५२५ ते १५६५ नॅनोमीटरमध्ये आठ बसतात: चार भाराचे, चार उन्हाचे.